पप्पा डॉक्टरांना 'व्हय' म्हणाले

सकाळपासून डोक्यातून जात नाय, म्हणून इथं लिहितेय.

आज पप्पांसोबत सरकारी दवाखान्यात गेले होते. बीपी लई वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी कागदातून मान वर न काढताच विचारलं, "काका, गोळी रोज घेता ना?"

"व्हय साहेब, रोज."

मी बघतच राहिले. पप्पा गोळी एक दिवसाआड घेतात. एका वेळी महिन्याच्याच गोळ्या मिळतात, आणि दर महिन्याला ही रांग म्हणजे वाळूजच्या कंपनीत खाडा. म्हणून ते त्या दोन महिने पुरवतात.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पप्पांनी माझा हात दाबला. मागून एक चाचा ओरडले, "अरे जल्दी करो ना!" डॉक्टरांनी जास्त पॉवरची गोळी लिहून दिली.

बाहेर आल्यावर मी चिडले. "खरं का नाय सांगितलं?"

"मागच्या टायमाला एकाला सगळ्यांपुढं झापलं त्यांनी. या वयात बोलणी खाऊ का?"

"मग ही तरी रोज घ्या."

पप्पा हसले. "आता पॉवर वाढलीय. दोन दिवसाआड घेतली तरी भागंल."

तुमच्या घरचेही डॉक्टरांशी असं खोटं बोलतात का? तेव्हा तुम्ही काय करता? मी तर आज नुसती शेजारी उभी होते.