नकाशाबाहेरचा पाऊस

समजा, सकाळी ऑफिसात आल्या आल्या तुम्हाला सगळ्या कर्नाटकाला रंग द्यायचे आहेत. समोर नकाशा आहे. प्रत्येक तालुक्याला एकच रंग: हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल. कॉम्प्युटर पावसाचे आकडे देतो, धोका किती ते तुम्ही ठरवायचं. चहा व्हायच्या आत हा अंदाज जिल्ह्याजिल्ह्यातल्या आपत्ती नियोजनाच्या माणसांकडे गेला पाहिजे. बोटी कुठं पाठवायच्या, शाळा कुठं रिकाम्या करायच्या, ते त्यावरून ठरवतात. उगाच रंग चढवला तर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही. उतरवला तर काय होतं, हे क्षमाला माहीत आहे.

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीकडे हे कंत्राट आहे आणि क्षमा तिथे नोकरी करते. तिचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठावर. नोकरी लागली त्या पावसाळ्यात तिनं गावच्या दूध डेअरीत उभं राहून रंग समजावले होते. पिवळ्याला नदीवर नजर ठेवायची, नारिंगीला काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढायच्या. गावानं ते पाठ केलं. शेजारचा भरमूअण्णा तर रोज फोन करायचा.

"क्षमाक्का, आज रंग कंचा गं? हिरवा आसंल तर सासुरवाडीला जाऊन येतो."

"अण्णा, सासुरवाडीचा रंग मला कळत नाही."

"त्यो कायम लालच!"

गेल्या जुलैतल्या एका सकाळी निपाणीत ऊन होतं. पण क्षमाच्या स्क्रीनवर नकाशाच्या पश्चिमेला, महाराष्ट्राच्या बाजूला, पाटगाव धरणावर अतिवृष्टीचा जांभळा डाग पसरला होता. वेदगंगा तिथूनच खाली येते. पुढच्या पायरीला प्रोग्रॅमनं राज्याची हद्द लावली, हद्दीबाहेरचे आकडे कापले गेले आणि डाग नाहीसा झाला. निपाणी तालुका पिवळा.

तिनं साहेबांना, वीरेंद्र यांना, दोन्ही नकाशे दाखवले.

"सर, नदी तिकडनंच येते. नारिंगी करूया."

"आपला करार राज्याचा हाय, क्षमा. तिकडचा पाऊस तिकडची माणसं बघतील. इकडं पाणी चढलं की बदलू की."

अंदाज पिवळाच गेला. थोड्या वेळानं भरमूअण्णाचा फोन आला.

"अण्णा, आज मोटार काढून घ्या. पाटगावात लई पाऊस हाय."

"व्हय, पर रंग कंचा?"

"पिवळा. पण माझं ऐका."

"आगं, तूच शिकवलंस न्हवं, मोटार नारिंगीला काढायची म्हणून? वर वडायला चार गडी लागत्यात. पिवळ्यावर कुणाला हाक मारू? हसत्याल की मला. हितं ऊन पडलंय, तुझ्या आप्पाला इचार."

तिनं आप्पांना फोन केला. आप्पा, म्हणजे तिचे वडील सुकुमार, भरमूकडं जाऊन आले आणि म्हणाले, "नारिंगी झालं की काढतो म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला पाणी नदीकाठच्या मळीत शिरलं. गडी गोळा करायला वेळ नव्हता. भरमूअण्णा एकटाच दोर घेऊन खाली उतरला. मोटार अजून तिथंच आहे, गाळात. भरमूअण्णा खालच्या बंधाऱ्याला सापडला, दोराचा फास मनगटाला तसाच होता.

त्या सकाळी निपाणी नारिंगी झाली. तो रंग क्षमानंच भरला. अंदाज वेळेवर गेला. फोन मात्र वाजला नाही.

दिवसकार्याला ती गावी गेली. भरमूअण्णाची बायको बाळाबाई हिनं तिला बसायला चटई सरकवली. डेअरीच्या भिंतीवर क्षमानंच चिकटवलेला रंगांचा कागद अजून होता. कुणी तो फाडला नव्हता. उलट एक म्हातारा तिथं बोट ठेवून नातवाला रंग सांगत होता.

आता ती रोज हद्द लावायच्या आधीचा नकाशाही साहेबांना पाठवते. साहेब "बघितलं" म्हणतात. पण तिला साहेबांकडून काही नको आहे. तिला विचारायचं आहे भरमूअण्णाला, आणि ते आता जमणार नाही: मी रंग शिकवले नसते, तर त्या सकाळी तुम्ही माझं ऐकलं असतं का?