गाडी पाळीवरच उभी राहील

आमच्याकडे पिकअप आली तेव्हा ती दोन मालकांच्या हाताखालून गेलेली होती. जीपसारखे तोंड, मागे लाकडी फळ्यांचा डाला आणि डिझेलचे इंजिन. विकणाऱ्याने तिचे वर्णन लग्नाची मुलगी दाखवताना करतात तसे केले होते: खाते कमी, काम करते जास्त. काम ती करत होती. खाण्याच्या बाबतीत मात्र तो माणूस धडधडीत खोटे बोलला होता, असे आठवड्याच्या आत वाटू लागले.

गाडी घ्यायचा हट्ट माझा होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. नवरा तोवर एका शेठचा ट्रक चालवायचा. रायपूरच्या रस्त्याने कलकत्त्याकडे गेला की पंधरा दिवस, कधी महिनाभर पत्ता नसायचा. अड्याळला घर, सासू-सासरे, दोन मुले, दोन म्हशी आणि बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, सगळे माझ्या अंगावर. धाकटी मुलगी बाप दारात दिसला की आत येऊन सांगायची, "पाहुणे आले." हे मला पुरे झाले होते. माहेरून वाट्याला आलेली बांधी मी विकली, गाडी घेतली आणि नवऱ्याला सांगितले की आता जे चालवायचे ते गावात राहून चालवा.

शेठ चांगला माणूस होता. त्याने निरोप पाठवला, "धानाचा एक हंगाम पाहून घे. तुही जागा संक्रांतीपर्यंत राखून ठेवतो. जमलं त जमलं, नाई त ये परत." नवऱ्याला ते सोयीचे वाटले. मला नाही. मागे दार उघडे असले की माणूस पुढे बघत नाही. पण संक्रांतीपर्यंत गाडीने स्वतःचे डिझेल भागवून घर चालवले नाही, तर ती विकायची आणि त्याने ट्रकवर जायचे, हे मीही कबूल केले.

काम भरपूर होते. दिवाळी सरली की आमच्या भागात धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू होते. खळ्यावरून पोती उचलायची आणि राइस मिलवर, नाहीतर बाजारात पोचवायची. अड्याळपासून पवनी, आसगावपर्यंत बोलावणी यायची. गाडी दिवसभर फिरत होती आणि तेवढेच डिझेल पीत होती. डबा घेऊन पंपावर जायचा तर रोजचाच नेम झाला होता.

नवऱ्याचे म्हणणे असे पडले की दोष हवेचा आहे. "इंजिनले हवाच भेटून नाई राहिली, त ते डिझेल जास्त वढते," तो म्हणायचा. गाडीचा मूळचा एअर फिल्टर जुन्या पद्धतीचा होता. खाली वाटीत ऑइल, वर तारेची जाळी. हवा त्या ऑइलवरून जायची आणि धूळ ऑइलात बसायची. दिसायला ओंगळ, घरातल्या दिव्याच्या काजळीसारखा. नवऱ्याला त्याची लाज वाटायची.

एक दिवस तो नागपूरहून नवा फिल्टर घेऊन आला. चकचकीत पत्र्याचे झाकण, आत लाल रंगाचा स्पंज. कंपनीचा नव्हे, कुणी तरी बाहेर बनवलेला. दुकानदाराने त्याला सांगितले होते की हा लावला की गाडी मोकळा श्वास घेते आणि लिटरमागे दोन-तीन किलोमीटर सहज वाढतात.

"त्यानं सोता गाडी चालवली हाय का कधी?" मी विचारले.

"तुले काय समजते त्यातलं? दमेकऱ्याच्या नाकातला बोळा काढल्यावानी हाय हे."

"दमेकऱ्याचा दमा छातीत असते, नाकात नाई."

सासरे खाटेवरून हसले. नवऱ्याने रागारागाने फिल्टर बसवला आणि गाडी गावातून दोन फेऱ्या मारून आणली. आवाज मोठा झाला होता हे खरे. आवाज मोठा झाला म्हणजे ताकद वाढली असे पुरुषांना का वाटते, मला कळत नाही. "घोड्यासारखी पळून राहिली," तो म्हणाला.

पुढचे काही दिवस तो आनंदात होता. डबा मात्र रोजच्यासारखाच पंपावर जात होता. मी एक दिवस म्हटले, आपण पाहून घेऊ. गाडीचा किलोमीटरचा काटा बंद होता, पण पवनीच्या रस्त्याला किलोमीटरचे दगड होते. टाकी गळ्यापर्यंत भरायची, ठरलेल्या दगडापर्यंत जाऊन परत यायचे आणि मग पुन्हा गळ्यापर्यंत भरायला किती डिझेल लागते ते मापाने बघायचे. एकदा जुना फिल्टर लावून, एकदा नवा. डाल्यात दोन्ही वेळा तीच पोती.

नवरा नाराज होता, पण आला. वाटेत लोक विचारायचे, "काय गा, रिकामाच फिरून राहिला का पोते घेऊन?" तो माझ्याकडे बोट दाखवायचा. "इले इचारा."

दोन्ही वेळा माप जवळपास सारखेच भरले. नवऱ्याचे तोंड उतरले. पण मला दुसरीच गोष्ट दिसली होती. मोकळ्या रस्त्यावर गाडी दोन्ही फिल्टरांवर बरी चालत होती, विकणाऱ्याने सांगितले त्याच्या जवळपास. कामाच्या दिवशी मात्र तेवढ्याच रस्त्याला कितीतरी जास्त डिझेल जात होते. म्हणजे ते रस्त्यावर जातच नव्हते.

"मी उद्या संगं येतो," मी म्हटले. आमच्याकडे बायाही 'येतो', 'जातो'च म्हणतात.

"खळ्यावर? बाया बसतात का कोनाच्या गाडीत पुढं?"

"बांधी माही इकली. बसतो."

दुसऱ्या दिवशी आसगावकडच्या एका खळ्यावर गेलो. खळे तलावाच्या खाली होते. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पलीकडे पाणी, अलीकडे बांध्या, मध्ये सारवलेले खळे. चुरणी झाली होती आणि धान उपणणे चालले होते. दोन माणसे तिवईवर उभी राहून सुपाने धान सोडत होती आणि वाऱ्याबरोबर भुसकट उडून एका बाजूला पडत होते. आम्ही गाडी थेट खळ्याच्या कडेला नेली, कारण पोती उचलायला जवळ पडते. ती कड नेमकी भुसकटाची होती. कडेची मोकळी जागा तेवढीच.

नवरा खाली उतरला. इंजिन चालूच.

"बंद करा न," मी म्हटले.

"अन् मंग चालू कोन करन? सेल्फ उचलत नाई. खळ्यात धक्का माराले माणसं कुठून आणू?"

गाडीचा सेल्फ मेल्यात जमा होता, हे मला ठाऊक होते. घरासमोर उतार होता, तिथे गिअरमध्ये टाकून सोडली की ती सुरू व्हायची. सेल्फ दुरुस्त करायचा तर गाडी नागपूरला काही दिवस ठेवावी लागली असती आणि हंगामात ते शक्य नव्हते. पण खळ्यावर तो काय करतो, हा विचार मी कधी केला नव्हता.

धान मोजायला सुरुवात झालेली नव्हती. आधी राशीची पूजा झाली. मग मालकाचा भाऊ यायचा होता, त्याची वाट पाहिली. मग चहा. मग रिकाम्या पोत्यांचा बारदाना कमी पडला म्हणून माणूस गावात गेला. सगळा वेळ गाडी भुसकटाकडे तोंड करून धडधडत होती. डिझेल जाळत होती आणि वर धानाची कुसळे नाकात ओढत होती. असे दिवसाला चार-पाच खळी.

मी बॉनेट उघडायला लावले. लाल स्पंज लाल राहिला नव्हता. वरून भुसकटाचा थर, ते समजले असते. मी फिल्टर काढला आणि त्याच्या पलीकडे, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवले. बोटाला बारीक, खरखरीत धूळ लागली. धानाची धूळ कशी असते ते चुरणी केलेल्या बाईला सांगावे लागत नाही. मानेवर बसली तर रात्रभर खाजवते. ती आता इंजिनात जात होती.

मी बोट नवऱ्यापुढे धरले. तो ट्रकवर दहा वर्षे काढलेला माणूस. इंजिनच्या रिंगा घासल्या तर काय होते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. इंजिन खोलायची आमची ऐपत नव्हती. गाडी उभी राहिली असती आणि तो कलकत्त्याच्या रस्त्याला लागला असता.

त्याच संध्याकाळी जुना, ओंगळ फिल्टर परत बसला. वाटीतले ऑइल बदलले. नवा फिल्टर नवऱ्याने पुसून फळीवर ठेवला. पण नुसता फिल्टर बदलून भागणार नव्हते. भुसकटात तासन् तास उभे केले तर जुनाही किती दिवस टिकणार?

"गाडी खळ्यात जायची नाई," मी म्हटले. "पाळीवर उभी राहील. उताराले तोंड करून, इंजिन बंद करून. निघायच्या वेळी दगड काढला का सुरू."

"अन् पोते? पाळीपर्यंत कोन आणन? लोक दुसरी गाडी पाहतील."

"पाहू द्या."

हे बोलायला सोपे होते. दुसऱ्याच दिवशी एका खळ्याच्या मालकिणीने मला झाडले. साठीची बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात खराटा.

"काहून वो, माह्या खळ्याले काय महारोग झाला का? गाडी तिकडं पाळीवर काहून लावली?"

"मावशी, भुसकटानं इंजिन खराब होते."

"आतापर्यंत नाई झालं? तुह्या गाडीले लय नखरे आले! गाडी हाय का नवरी? डोली आनू का तिच्यासाठी?"

"डोली नको. बंडी आना."

खळ्यावर बंडी उभीच होती, बैल तणस खात होते. मावशीने हातातला खराटा आपटला आणि आमच्या देखत दुसऱ्या गाडीवाल्याला बोलावणे धाडले. आम्ही रिकामे परतलो. घराजवळ आल्यावर नवरा म्हणाला, "असंच चाललं त संक्रांतीची वाट पाहाची गरज नाई." मी म्हटले, उद्या बघू.

पुढच्या खळ्यावर मी मालकाशी आधी बोललेच नाही. हमालांशी बोलले. पाळीवरून खाली यायला बंडीची वाट होती. गाडी त्या वाटेवर, तोंड खाली करून उभी केली, चाकांना दगड लावले. तिचा मागचा डाला पाळीच्या माथ्याकडे आला. मग पोती भरलेली बंडी दुसऱ्या वाटेने पाळीवर चढवून मागे सरकवायला लावली. बंडीची साटी, म्हणजे पोती ठेवायचा तळ, आणि डाल्याची फळी जवळजवळ सारख्या उंचीला आली. पोते पाठीवर घ्यायचे कामच नाही. बंडीवरून ओढले की डाल्यात.

खळ्यात पोती बंडीत चढवताना हमाल कुरकुरले होते, पण बंडी बुटकी होती, डाला छातीएवढा उंच. एकाने पहिले पोते ओढून बघितले, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "वहिनी, हे आधीच काहून नाई केलं वो? पाठ मोडून राहिली व्हती."

"आधी मी येत नव्हतो," मी म्हटले.

निघायची वेळ आली. भरलेली गाडी, खाली वळण, वळणाला लागून तलावाच्या पाझराने भरलेली बांधी. नवरा स्टिअरिंगवर. "काढ दगड," तो म्हणाला आणि मग लगेच, "थांब. तू बस आधी." मी बसले नाही. दगड मी काढले. गाडी सरकली, दोन आचके दिले आणि वळणाच्या आधीच धडधडू लागली. मी मागून पळत जाऊन चढले. हमाल टाळ्या वाजवत होते. मला त्यात टाळ्या वाजवण्यासारखे काही दिसले नाही, पण नवरा हसत होता.

त्यानंतर आमचे काम हमालांनीच वाढवले. ते मालकांना सांगायचे, पाळीवाली गाडी बोलवा, आम्ही लवकर मोकळे होतो. काही मालकांनी शेवटपर्यंत ऐकले नाही. त्यांच्याकडे आम्ही गेलो नाही. जिथे तलावाची पाळ नव्हती तिथे बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ शोधायची, तीही नसली तर नवरा रस्त्याचा चढ बघायचा. गाडी कुठेही उभी करताना आधी उतार आणि वारा बघायची त्याला सवय लागली. पंपावरचे रोजचे जाणे एक दिवसाआड झाले, मग दोन दिवसांआड. रोज संध्याकाळी मी बॉनेटखालची नळी पुसून बोट बघायची. बोट स्वच्छ निघायचे.

त्या मावशीने हंगामाच्या शेवटी बोलावणे पाठवले. गेल्यावर म्हणाली, "बंडी पाळीवर लावून ठेवली हाय. नवरीले सांग, रुसू नको म्हना."

संक्रांतीच्या आधी शेठचा मुनीम घरी आला. मी त्याला तिळाचे लाडू दिले. तो दारासमोरच्या उतारावरची गाडी निरखत राहिला. मग नवऱ्याला म्हणाला, "शेठनं इचारलं हाय. दुसऱ्या ड्रायव्हरले हो म्हनू का तू येऊन राहिला? आजच सांगा लागन."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले.

"मले काय पाहून राहिले? तुमाले इचारलं."

ट्रक मोठा, रस्ता लांब, कमाई बांधलेली. हे त्याला सोडावे लागणार होते, मला नाही. मग त्याने हातातला फडका खांद्यावर टाकला.

"शेठले म्हना, दुसरा माणूस घ्या. मी इथं हाव."

"पक्कं?"

"पक्कं."

मुनीम गेला. आसगावला माणसे वाट पाहत होती आणि बारदाना अजून डाल्यात टाकलेला नव्हता. मी तो टाकला, नवरा स्टिअरिंगवर बसला, मी दगड काढला आणि आम्ही निघालो.