टमाट्याचा वरचा थर

आईचे तीन केमो झाले होते. चौथ्याच्या आठ दिवस आधी मामाने तिला मोबाइलवर एक माहितीपट पाठवला. एका कडू काढ्याने कॅन्सर पळतो, असं त्यात सात माणसं हसत हसत सांगत होती. मागे बासरी. आमच्या अंजनगावच्या घरी ओसरीत बसून आईने तो तीनदा पाहिला आणि जाहीर केलं, "मी आता अकोल्याले केमोले येत नाई. काढाच पेतो."

मी घरातली शिकलेली. पुरावा, चाचण्या, संशोधन असं बरंच ऐकवलं. "तुह्या बोलन्यापेक्षा ते बासरी बरी," ती म्हणाली. चिडून मी मामाशी भांडले. त्याने मलाही दोन माहितीपट पाठवले. मला रडूच आलं, रागाने आणि भीतीने.

बाबा यात पडले नाहीत. ते अंगणात बाजारासाठी प्लास्टिकच्या कॅरेटात टमाटे भरत होते. एरवी ते काम आईचं, आणि तिचा हात धरणारं बाजारात कुणी नाही: खाली पिचके, हिरवट, वर लालबुंद. घरात याला फसवणूक म्हणायची नाही, 'भरायची पद्धत' म्हणायचं.

बाबांनी कॅरेट आणून तिच्यापुढे ठेवलं. "बरोबर भरलं काय?"

"हो. वरचा थर साजरा लागला."

"अन् तुह्या पिच्चरमधले सात जन कोन्त्या थरातले?"

बाबांनी वरचा लाल टमाटा उचलून खालचा पिचका दाखवला.

"काढा पिऊन जे गेले, त्याईले कोन दाखोते? तुले त मालूम पाह्यजे."

"मानसाची अन् टमाट्याची बराबरी करता काय?" आई भडकली. जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र माहितीपट चौथ्यांदा लावला आणि मध्येच बंद करून पुटपुटली, "खालचे कुठी हायत, ते सांगतच नाई मेला."

चौथ्या केमोला ती आली. अकोल्याच्या दवाखान्यात केमोच्या खोलीत कुणाचे केस गेलेले, कुणी ओकत होतं, कुणी मजेत पोहे खात होतं. आईने सगळ्यांवरून नजर फिरवली. "इथं कॅरेट पुरं उलटं करून ठेवलं," ती म्हणाली. मग हळूच, "मी कोन्त्या थरातली वं?"

"मला माहीत नाही, आई."

"मंग ठीक हाय." तिने सुईसाठी हात पुढे केला. "तू वरच्या थरातली म्हनली असती, त उठून गेली असती मी."