लाल कराटेवीर आणि गरम पाण्याचं कुंड

मला कराटे येत नाही. सत्तरच्या दशकात तर अजिबात येत नव्हतं, आणि नेमका तेव्हाच मी एका कराटेच्या सिनेमाचा नायक होतो.

दिग्दर्शक होते वसंतभाऊजी, माझ्या थोरल्या ताईचे यजमान. एरवी भिवंडीत लूम दुरुस्त करायचे. कराटेचे तीन सिनेमे पाहून आले आणि ओळखीच्या फोटोवाल्याकडून चावी देऊन चालणारा जुना कॅमेरा मागून आणला.

"गोष्ट काय आहे, भाऊजी?" मी विचारलं.

"गोष्ट आधी लिहिली की मजा जाते! आपण उभं राहायचं, गोष्ट आपोआप येते."

पोशाख मात्र ठरला होता. आमच्याच लूमवरचं कोरं कापड रंगारी रफीकभाईंनी लालभडक रंगवून दिलं, ताईनं त्याचा पायजमा, सदरा, बुरखा आणि पाठीवरची झूल शिवली. देताना रफीकभाई म्हणाले, "कच्चा रंग है। हीरो को पानी से बचाना।"

"पानी का सीनच नाही!" भाऊजी ठामपणे म्हणाले. (सीन कुठला आहे, हे तरी त्यांना कुठं ठाऊक होतं!)

त्याच रविवारी चार वाजता मला गणेशपुरीला मुलगी पाहायला जायचं होतं. माझं हे सातवं स्थळ. आई देवापुढे हात जोडून बसली होती. भाऊजी म्हणाले, "सकाळी वज्रेश्वरीला शूटिंग, दुपारी तिथूनच मुलगी. एका तिकिटात दोन कामं!"

गावाबाहेरच्या एका लहानशा कुंडाजवळ आम्ही उभे राहिलो, आणि खरंच गोष्ट आली. पाण्यात गळ्याइतके बुडून एक गृहस्थ गुडघे शेकत बसले होते.

"खलनायक!" भाऊजी कुजबुजले. "मार उडी!"

"अहो, रंग—"

"चावी संपतेय!"

मी मारली. पाणी इतकं गरम की माझ्या तोंडून निघालेली किंकाळी कुठल्याही कराटेवाल्याला जमली नसती! पुढच्या क्षणी सगळं कुंड लाल.

"रगात! अरं, माझं रगात!" गृहस्थ ओरडले. मग अंग चाचपलं, कुठं काही दुखेना, तेव्हा शेजारची छत्री उचलली. "कोन हाय रं तू? थांब, दावतो तुला!"

मी हात जोडून कुंडाला तीन फेऱ्या घातल्या. पाठीवर सपासप छत्री. भाऊजी आनंदानं ओरडत होते, "वा, कराटेवीर! अजून एक! चेहरा इकडे!"

नदीवर दोन साबण संपले. कपडे बदलले, पण मान, कान, हात तसेच लाल. तसाच चार वाजता गणेशपुरीच्या ओसरीवर जाऊन बसलो. आतून मुलीचे वडील आले.

लाल. मानेपासून पायापर्यंत लाल!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. अख्ख्या तालुक्यात त्या रंगाचे आम्ही दोघंच होतो. भाऊजींनी पोह्यांच्या बशीत नाक खुपसलं. मुलगी चहा घेऊन आली, आलटून पालटून दोघांकडे बघितलं आणि पदर तोंडावर धरून आत पळाली. मी चपला शोधू लागलो.

"बसा, पाव्हणं," ते म्हणाले. "तो कराटेवाला तुमीच?"

"होय," मी म्हटलं. "चुकलो."

"कराटे शिकलेला मानूस, येवढा मार खाल्ला, पन हात जोडलेलेच. उगारला न्हाय." ते आत वळून म्हणाले, "पोर देतो याला. असा मानूस बायकोवर हात न्हाय टाकायचा."

मला कराटे येत नाही, हे मी लग्न लागेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

लग्नानंतर मांडवातच चादर बांधून भाऊजींनी सिनेमा दाखवला. छत्रीच्या प्रत्येक फटक्याला सासरची मंडळी शिट्ट्या वाजवत होती. सासरेच नायक ठरले! ते मी सोसलं. पण त्या कच्च्या लाल रंगापायी आम्ही दोघं पंधरा दिवस टोमॅटोसारखे फिरलो होतो, आणि पडद्यावर लाल काही दिसेचना. तेव्हा मी हळूच विचारलं, "भाऊजी, रंग कुठं गेला?"

"वेडा का तू?" भाऊजी म्हणाले. "रीळ ब्लॅक अँड व्हाइट होतं!"