मथळ्यात न बसलेला शब्द

आज वाण्याच्या दुकानात माझे जुने शिक्षक कदम सर भेटले. शेंगदाण्याची रिकामी पुडी उलगडून तिचा कागद वाचत होते.

मी वर्तमानपत्रात असताना त्यांच्यावर पेपर फोडल्याचा आरोप झाला होता. मथळा दोन कॉलमांत बसेना, म्हणून मी त्यातला ‘कथित’ काढून टाकला. एरवीही हा शब्द मला पोकळच वाटायचा. पण आरोप झालेल्या माणसाच्या बाजूने बातमीत तेवढा एकच उभा असतो. सर निर्दोष ठरले तेव्हा आतल्या पानावर चार ओळी आल्या. तोवर त्यांच्या शिकवणीला कोणी उरलं नव्हतं.

“हल्ली ‘कथित’ आवर्जून लिहितात,” कागदावर बोट ठेवून सर म्हणाले. “तुमच्याकडे तेव्हा जागा कमी पडायची का रे?”

मी ‘हो’ म्हणालो. ते खरंही होतं.