गोळीबंद पाकातला हॅम

आमच्या घरात नाताळचा हॅम एकदाच झाला.

आम्ही मूळचे वसईचे. बहरीनला मनामात राहूनही नाताळला मम्मीच्या बाटली मसाल्यातलं पोर्कच व्हायचं आणि कुणाची तक्रार नसायची. पण गेल्या वर्षी पप्पांनी त्यांच्या साहेबांना जेवायला बोलावलं. पप्पा हिद्दच्या एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. साहेब इंग्लंडचे. बायको-मुलं सुट्टीला तिकडे गेलेली, हे जनाबियाच्या व्हिलात एकटेच. "त्यांना घरच्यासारखं वाटलं पाहिजे," म्हणत पप्पा सुपरमार्केटच्या त्या डुकराच्या मांसाच्या वेगळ्या खोलीतून भलामोठा शिजवलेला हॅम घेऊन आले.

वरचा गोड लेप माझ्याकडे आला. घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे इंग्रजीत लिहिलेलं सगळं माझ्याकडेच येतं (वॉशिंग मशीनचं पुस्तक, मम्मीच्या गोळ्यांची चिठ्ठी, आणि आता डुकराची मांडी).

मी मोबाइलवर बघून सांगितलं, "ब्राऊन शुगर, मध आणि मोहरीचा सॉस घट्टसर होईपर्यंत उकळायचं."

"घट्टसर म्हणजे कसं, बाय? एकतारी, दोनतारी की गोळीबंद?" मम्मीने विचारलं.

कॉलेजात हे शिकवलेलं नव्हतं. मी पुन्हा वाचलं. तिथे नुसतंच घट्टसर होतं.

"लाडवाला दोनतारी लागतो," मम्मी हॅमकडे बघत म्हणाली. "हा तर केवढा जड."

"मग... गोळीबंदच असेल," मी म्हणाले. (शिकलेल्या माणसाला काहीतरी सांगावंच लागतं.)

मम्मीने पाण्यात थेंब सोडला, त्याची गोळी केली आणि ताटलीवर टाकली. टण्ण.

"खलास. झाला."

लेप ब्रशने लावायचा होता, पण ब्रश पातेल्यात उभाच राहिला. म्हणून सगळा पाक वरून ओतला आणि हॅम ओव्हनमध्ये ढकलला. बाहेर आला तेव्हा नवरदेवासारखा चमकत होता. साहेब "वा" म्हणाले. इथेच कापला असता तर वाचलो असतो. पण पप्पांनी प्रार्थना सुरू केली. साहेबांसाठी, त्यांच्या कुटुंबासाठी, मग वसईच्या एकेका नातेवाइकासाठी. पाक तोवर निवांत थंड होत होता.

आमेन झालं. पप्पांनी सुरी टेकवली. टक.

"दार वाजलं वाटतं," मम्मी उठली.

बाहेर कोणी नव्हतं. पुन्हा टक. मम्मी पुन्हा दाराकडे. तिसऱ्यांदा पप्पांनी जोर लावला, तसा हॅम ताटातून सुटला आणि कॅरमच्या स्ट्रायकरसारखा थेट साहेबांकडे गेला! साहेबांनी तो पोटाशी झेलला.

पप्पा माझ्याकडे बघत होते.

"तुझ्या फोनात आता काय लिहिलंय?"

"सर्व्ह करा," मी म्हणाले.

शेवटी मम्मीने खलबत्त्यातला बत्ता आणला. साहेबांनी तो मागून घेतला, बाह्या सरसावल्या आणि असा हाणला की पाकाचा एक तुकडा पप्पांच्या चहाच्या कपात पडला. दुसरा साहेबांनी तोंडात टाकला. बराच वेळ कडाकडा चावत राहिले.

"माझी आई दरवर्षी हॅम जाळायची," ते म्हणाले. "वडील छिन्नी आणायचे. आज अगदी घरी गेल्यासारखं वाटलं."

पप्पा खूश झाले आणि मला विजयी वाटलं. ते जानेवारीपर्यंत टिकलं. कॉलेजात सरांनी विचारलं, कठीण पण ठिसूळ पदार्थाचं उदाहरण द्या. एरवी मी कधी हात वर करत नाही. त्या दिवशी केला, आणि पूर्ण आत्मविश्वासाने म्हणाले, "हॅम."