हौसाकाकीचा नागमोडी काठ

हौसाकाकी कुणाच्याही घरी गेली की माणसांच्या आधी अंथरुणाकडे जायची. गोधडी उचलायची, तिची कड उलटी करायची, अंगठ्याने दाबून बघायची आणि मग घरच्या बाईकडे वळून विचारायची, "ही कोणी शिवली?" उत्तर देणारीची त्यानंतर धडगत नसायची. मुरबाडला आम्ही तिच्या शेजारी राहायला आलो तेव्हा आमच्याकडेही हेच झालं. आईचा चहा उकळेपर्यंत काकीने माझी रजई पुरती उलटीपालटी केली होती. ती कल्याणच्या दुकानातून आणलेली. ही पांघरून तुला झोप कशी येते, असं तिने मला विचारलं. मी नुसती मान हलवली. "तोंडाला टाके घातलेत काय गो?" ती म्हणाली. तेव्हापासून तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. मी टाकेवाली.

मी कल्याणच्या इंग्रजी शाळेत जायचे आणि एसटीने संध्याकाळी परत यायचे. दिवसभर इंग्रजीत बोलायचं दडपण, घरी आल्यावर मराठीत शब्द आठवायचं दडपण. काकीच्या ओटीवर ही दोन्ही दडपणं नव्हती, कारण तिथे दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नसायची. ती शिवत बसायची आणि रागवत बसायची. तिचा राग दिवसागणिक नवीन असायचा. नायलॉनच्या साड्यांवर, कारण त्यांवरून सुई घसरते. शिंप्यांवर, कारण ते चिंध्या जाळतात. आणि सगळ्यांत जास्त, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बाईच्या हवाली लुगडी करणाऱ्या सुनांवर. समोरच्या घरातल्या सुनेने सासूची दोन लुगडी देऊन एक टोप घेतला, तेव्हा काकी रस्त्यातच तिला म्हणाली, "आता थंडीत टोप पांघर."

तिची गोधडी मधे साधीच असायची. जुन्या चादरी, धोतरं, फाटके पंचे एकावर एक घालून उभे धावते टाके. सगळा जीव काठात. तिचा काठ सरळ नसायचाच. कडेने अर्ध्या चंद्रासारखे कंगोरे, एकाला लागून एक, चारही बाजूंनी, नदीसारखे वळत जाणारे. कंगोरा आखायला ती चहाची बशी पालथी घालायची आणि कोळशाने रेघ ओढायची. त्यावर लावायची पट्टी नेहमी उरेब, म्हणजे कापडाच्या तिरकस रेषेत कापलेली, कारण सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या धरते. दोन कंगोरे जिथे भेटतात त्या खाचेत कात्रीचं फक्त टोक लावायचं. तेवढं एक मी करून बघितलं होतं आणि कात्री जरा पुढे गेली होती. काकीने माझ्या हातातून ती काढून घेतली. "वळणावर काठाला ओढायचा नाय. तो येतो आपणहून. तू लोकांना ओढत नायस, मग कापडाला का ओढतस?"

तिचं माहेर वैशाखऱ्याचं. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर अशी गोधडी द्यायची ही तिच्या माहेरची रीत. काठाचा एकेक कंगोरा एकेका बाईच्या कापडाचा. मुलीची आई, आजी, आत्या, मावशी, आणि ज्या गेल्या त्यांचाही. दुकानातलं कापड काठाला चालत नसे. कोणाचं काही राहिलेलं नसेल तर काकी पायपीट करून नातेवाइकांकडे जायची आणि पेटीच्या तळातलं एखादं फडकं मिळवूनच परतायची. सरळ काठाचं तिच्यापुढे नाव काढलं की ती म्हणायची, सरळ काठ बाजारच्या चादरीला, तिला माणसं कुठायत?

तिच्या मुलाची मुलगी दर्शना. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, पण माझ्यापेक्षाही हळू बोलणारी. तिचं लग्न शहापूरकडे ठरलं तेव्हा काकीने तिची गोधडी आधीच पुरी केलेली होती. आमच्या आळीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष सुवर्णाताई ती बघायला आल्या. त्यांच्या गटाचा माल कल्याणच्या एका संस्थेमार्फत विकला जायचा आणि त्या संस्थेला प्रदर्शनात मांडायला काहीतरी जुन्या पद्धतीचं हवं होतं. काकी नाहीच म्हणाली. सुवर्णाताईंनी शपथा घेतल्या. विकायची नाही, फक्त दाखवायची, लग्नाच्या आधी घरात परत. शेवटी काकीने गोधडी दिली ती दर्शनामुळे, कारण दर्शना म्हणाली, लोकांनी बघू दे ना आजी.

गोधडी परत आली ती चेन लावलेल्या पारदर्शक पिशवीत. इतकी नीट घडी काकीच्या गोधडीची कधी झाली नव्हती, आणि तिला तिथेच शंका आली. तिने पिशवी उघडली, गोधडी ओटीवर पसरली. चारही बाजूंनी काठ सरळ होता. कंगोरे खाचांच्या रेषेत कापून टाकले होते आणि त्यावर मशिनीने पांढरी फीत मारली होती. काकी ओरडली नाही. तिने हात फिरवत फिरवत चारही बाजू तपासल्या, जणू एखाद्या बाजूला काहीतरी राहिलं असेल. मग मला म्हणाली, "उद्या तुला सुट्टी हाय ना? तुला इंग्रजी येतं. माझ्याबरोबर नुसती बस."

आम्ही तिघी जीपने कल्याणला गेलो. काकी, सुवर्णाताई आणि मी. संस्थेच्या बाई फार सभ्य होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, काकीचे हात हातात घेतले, केवढी कला आहे या हातांत म्हणाल्या. काठाचं विचारल्यावर त्या जराही गडबडल्या नाहीत. कडा वेड्यावाकड्या होत्या, घडी बसत नव्हती, पिशवीत जात नव्हती, म्हणून आमच्या टेलरकडून फिनिशिंग करून घेतलं, उलट तुमचं काम आता जास्त उठून दिसतं. हे त्या मनापासून सांगत होत्या. मला राग आला तो त्याचाच. त्यांनी गोधडी हातात घेतली होती, फोटो काढले होते, तिच्यावर चार ओळी लिहून भिंतीवर लावल्या होत्या, आणि एवढे नेमाने वळणारे कंगोरे कोणीतरी मुद्दाम केले असतील ही शंका त्यांच्या मनाला शिवली नव्हती. मग शेजारी बसलेल्या त्यांच्या मदतनीस मुलीकडे वळून त्या इंग्रजीत काहीतरी बोलल्या आणि हसल्या.

"काय बोलली ती?" काकीने मला विचारलं.

सुवर्णाताई माझ्याकडे बघत होत्या. गटाचं पुढचं काम याच बाईंच्या हातात होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. मला गोड काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "त्या म्हणतात, नुसता काठच तर होता."

काकीने गोधडी टेबलावर ठेवली. "मधी काय हाय ठाऊक हाय का तुमाला? दोन फाटक्या चादरी आन आमच्या म्हाताऱ्याचं धोतर. ते कापलं असतं तर मी इथं आली नसती. काठाला माझी आय होती. तिला कापलीत."

बाईंचा चेहरा तेव्हा कुठे बदलला. त्यांनी आतून एक नवीन रजई मागवली. सुती, सुरेख, सरळ. ही तुमच्या नातीला आमच्याकडून, असं म्हणत त्यांनी ती काकीच्या मांडीवर ठेवली. काकीने तिची कड उलटी करून बघितली नाही. तिने ती तशीच उचलून परत दिली आणि आमचे तुकडे कुठायत, असं विचारलं.  ती मदतनीस मुलगीच कसंनुसं बघत म्हणाली, की त्यांचं तोरण केलंय.

विक्रीच्या खोलीच्या दारावर ते होतं. काकीचे कंगोरे एका दोरीला ओवलेले, मधे मधे घुंगरं. काकी खाली उभी राहून वर बघत होती. ही आत्या, ही मावशी, असं ती बोटाने दाखवत गेली आणि बोट अडलं. तिच्या आईच्या लालभडक लुगड्याचा कंगोरा नव्हता. तो नमुना म्हणून कुठल्याशा पाहुण्यांना दिल्याचं कळलं. कोणत्या, ते कोणाला आठवत नव्हतं. काकीने स्टूल मागितलं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले, म्हणून मीच आणलं. ती वर चढली, दाताने दोरे तोडले आणि एकेक कंगोरा काढून ओटीत घेतला. घुंगरं तिने तिथेच जमिनीवर टाकली. कोणी अडवलं नाही. खरं सांगायचं तर कोणी माफीही मागितली नाही. बाई एवढंच म्हणाल्या, की याचा इतका इश्यू होईल असं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर काकीने पांढरी फीत उसवली आणि खालून पट्टी देऊन कंगोरे परत जोडायला घेतले. लग्न तोंडावर आलं होतं. जोड दिसत होते, काठ पहिल्यासारखा वळत नव्हता, आणि एका बाजूला बशीएवढी जागा सपाट राहिली होती. दर्शनाच्या आईने सुचवलं की बाजारात तसलंच लाल कापड मिळतं, रुखवतात मांडायची आहे, पाहुणे काय म्हणतील. माझी आईही तेच म्हणाली. काकी दोघींवर भडकली.

"माझ्या आयच्या जागी बाजारातली बसवू? ऱ्हाऊ दे तशी. दिसू दे. जी विचारील तिला मी सांगीन."

आणि तिने सांगितलं. रुखवताभोवती वरपक्षाच्या बायका जमल्या, एकीने त्या सपाट जागेवर बोट ठेवलं, आणि काकीने मांडवात उभं राहून संस्थेच्या नावासकट सगळं सांगितलं. सुवर्णाताई जेवायच्या आधीच निघून गेल्या. गटाचं काम पुढे बंद झालं नाही, पण त्यांनी काकीशी बोलणं टाकलं. काकीला त्याचं काही नव्हतं. ती म्हणायची, ज्यांनी कापलं त्यांना लाज नाय, मी कशाला गप बसू?

गेल्या थंडीत काकी गेली. त्यानंतर त्या संस्थेचं पुन्हा प्रदर्शन होतं आणि कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर मी तिथे गेले. भिंतीवर काकीचा मोठा फोटो होता, सुवर्णाताईंनी गोधडी नेताना काढलेला. खाली लिहिलं होतं, लोप पावत चाललेली कला. फोटोत ती गोधडी मांडीवर घेऊन बसली होती आणि काठ अजून शाबूत होता. कला आपोआप लोप पावते असं त्यांना म्हणायचं होतं. ज्या कात्रीने ती कापली, तिचा उल्लेख कुठेच नव्हता.

मागच्या महिन्यात दर्शनाकडे गेले. तिचं सासर तानसाच्या बाजूला. तिला मुलगी झालीय आणि ती त्याच गोधडीवर झोपली होती. शेजारची एक बाई बाळाला बघायला आली होती. तिने गोधडीची ती सपाट जागा चाचपली, चांगल्या मनाने म्हणाली की माझ्याकडे लाल तुकडा पडलाय, आणून देते, लावून टाक, बोळकं दिसतंय अगदी.

"नको," दर्शना म्हणाली. "तिथून माझ्या पणजीला कापलीय."

बाईने हात मागे घेतला. मग तिने विचारलं, "कोणी गो?"

दर्शनाने बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, पदर खोचला आणि पहिल्यापासून सांगायला लागली, नावासकट. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता.